विकास कार्यक्रम आणि पुरवठादारांचे करार यांतली हवामान जोखीम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे जिल्ह्यात पाणलोट, शेती, शाळा, आरोग्य, बांधकाम असे कार्यक्रम चालवणाऱ्या संस्था, कंपन्यांचे सीएसआर (सामाजिक जबाबदारी) विभाग आणि त्यांना माल किंवा सेवा पुरवणारे व्यावसायिक यांच्याकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. कायद्याचे मुद्दे सर्वसाधारण आहेत. मोठ्या रकमेच्या करारावर सही करण्याआधी तो वकिलाला दाखवाच.

१. पाऊस कमी-जास्त होणं नेहमीचंच आहे. त्याला 'हवामान जोखीम' असं वेगळं नाव कशासाठी?

जोखीम तीन गोष्टींनी ठरते: संकट कोणतं, त्याच्या वाटेत आपलं काय आहे आणि ते किती तग धरेल. एका दिवसात १०० मिमी पाऊस मुळशीत जुलै महिन्यात कुणाच्या लक्षातही राहत नाही. तोच पाऊस पुरंदरमध्ये नुकत्याच टाकलेल्या, दबाई न झालेल्या भरावावर पडला तर बांध वाहून जातो. पाऊस एकच, जोखीम वेगळी.

शिवाय 'नेहमीचं' काय, हेही सरकत चाललं आहे. पुण्यात मान्सून पोचण्याची सर्वसाधारण तारीख १० जून आहे; २०२५ मध्ये तो २६ मे रोजीच आला. मृगाच्या हिशेबाने आखलेली कामं त्या वर्षी अर्धवट भिजली.

२. आमचा प्रकल्प २० लाखांचा. एवढ्यासाठी वेगळा अभ्यास करायचा का?

वेगळा अहवाल नको, एक पान पुरे. किती खोलात जायचं हे रकमेपेक्षा मागे काय उरणार त्यावर ठरवा. महिला गटांचं तीन दिवसांचं प्रशिक्षण असेल तर 'मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये घेऊ नये' एवढी नोंद बस्स. त्याच २० लाखांत सिमेंट बंधारा होणार असेल तर तो २०-२५ वर्षं उभा राहायला हवा, म्हणून प्रश्न ३ ते ५ मधलं काम पूर्ण करा. दोन माणसांना एक-दोन दिवस लागतात.

३. माहिती कुठे मिळते? विकत घ्यावी लागते का?

बहुतेक वेळा नाही. भारतीय हवामान विभागाच्या पुणे कार्यालयाकडून १९०१ पासूनचा रोजचा पाऊस ०.२५ अंशाच्या चौकटींत आणि १९५१ पासूनचं तापमान १ अंशाच्या चौकटींत मोफत मिळतं. पावसाची चौकट म्हणजे साधारण २५ ते २८ किलोमीटरचा चौरस. घाटमाथा आणि पायथा एकाच चौकटीत येऊ शकतात, हे विसरू नका. महसूल मंडळनिहाय (मंडळ म्हणजे तालुक्यातल्या काही गावांचा गट) रोजचा पाऊस कृषी विभागाच्या 'महारेन' संकेतस्थळावर असतो आणि करारासाठी तोच जास्त उपयोगी पडतो (प्रश्न ९).

भूजलासाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी मागा. पुरासाठी जलसंपदा विभागाच्या निळ्या आणि लाल पूररेषा (अर्थ प्रश्न ५ मध्ये) पाहा. भोर, राजगड, मुळशी, मावळ, आंबेगाव, जुन्नरच्या डोंगरउतारावर काम असेल तर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे दरडप्रवण क्षेत्राचे नकाशे टाळू नका. ३० जुलै २०१४ रोजी माळीणला दीडशेवर माणसं गेली. उताराचा प्रश्न आपल्या जिल्ह्यात कागदी नाही.

३० वर्षांचा डेटा हातात आला की सरासरी काढत बसू नका. मोजायच्या गोष्टी चार: वर्षात ६५ मिमीपेक्षा जास्त पावसाचे दिवस किती, जून ते सप्टेंबरमधला सर्वांत लांब खंड किती दिवसांचा (२.५ मिमीपेक्षा कमी म्हणजे कोरडा दिवस), ४० अंशांवरचे दिवस किती आणि मे महिन्यात पाऊस किती वर्षी पडला.

मग गावात जा. 'पूर येतो का?' असं विचारलं तर 'नाही' असं उत्तर येतं. 'पाणी कुठपर्यंत आलं होतं, भिंतीवर दाखवा' आणि 'टँकर कोणत्या महिन्यात सुरू झाला होता' असं विचारा.

४. पुणे जिल्ह्याची सरासरी घेतली तर चालेल ना?

नाही. शिवाजीनगरला वर्षाला साधारण ७०० ते ७५० मिमी पाऊस पडतो. ताम्हिणीच्या बाजूला याच्या कित्येक पट, तर इंदापूर, दौंड, बारामतीत याहून बराच कमी. सरासरी जिथे बसते असं गाव शोधूनही सापडायचं नाही. वर इंदापूर-दौंडचं पाणी स्थानिक पावसापेक्षा कालव्याच्या आवर्तनावर (धरणातून पाळीने सोडलेल्या पाण्यावर) अवलंबून असतं, म्हणजे तिथल्या कार्यक्रमाची जोखीम पश्चिमेच्या घाटात पडणाऱ्या पावसाशी आणि धरणसाठ्याच्या निर्णयांशी बांधलेली आहे. तालुका हेसुद्धा मोठं एकक आहे. महसूल मंडळापर्यंत उतरा.

५. कमी, मध्यम, जास्त हा दर्जा कसा ठरवायचा? आमच्याकडे सगळंच 'मध्यम' येतं.

सगळं 'मध्यम' आलं म्हणजे निर्णय टाळला. दर्जा संपूर्ण प्रकल्पाला न देता एकेका कामाला द्या आणि त्याच्या बाजूला रुपये लिहा.

समजा संस्थेचं गोदाम निळ्या पूररेषेच्या आत आहे. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, म्हणजे दर वर्षी ४ टक्के शक्यता. ऐकायला किरकोळ वाटतं. पण ५ वर्षांच्या कार्यक्रमात तो एकदा तरी येण्याची शक्यता १८ टक्के आहे, १० वर्षांत ३४ टक्के. लाल रेषेचा, म्हणजे १०० वर्षांतून एकदाचा पूर ३० वर्षं टिकवायच्या इमारतीला एकदा तरी गाठण्याची शक्यता २६ टक्के. आता गोदामात ४० लाखांचा माल आहे आणि पाणी शिरलं तर ६० टक्के खराब होईल असं धरा. वर्षाचं अपेक्षित नुकसान ४० लाख × ०.६० × ०.०४, म्हणजे ९६ हजार रुपये. रेषेबाहेरच्या गोदामाचं भाडं महिन्याला ५ हजारांनी जास्त असेल तर वर्षाला ६० हजार. हलवा, चर्चा संपली.

खडकवासल्याच्या खाली राहणाऱ्यांना हे आकडे परके वाटू नयेत. २५ जुलै २०२४ रोजी धरणाचा विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या (सेकंदाला घनफूट) आसपास गेला आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत घरांत पाणी शिरलं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेल्या पुरात तर धरणाचा संबंधच नव्हता. ओढ्याकाठच्या जागेला नदीच्या पूररेषेचा नकाशा 'सुरक्षित' ठरवत असेल, तरी ओढा स्वतः चालून पाहा.

माणसाच्या जिवाला धोका असेल तिथे मात्र हा रुपयांचा हिशेब करू नका. तो दर्जा थेट 'जास्त'.

६. वेळापत्रकात पावसाळा कसा धरायचा?

'३१ मेपर्यंत काम पूर्ण' ही ओळ जुन्या वर्क ऑर्डरमधून पुढे ढकलली जाते आणि तिथेच घोटाळा होतो. मातीकामाची शेवटची तारीख १५ मे ठेवा. बंडिंग, माती नाला बांध, शेततळं यांत क्रम महत्त्वाचा: सांडवा (जादा पाणी बाहेर जाण्याची वाट) आधी. भराव थोडा कमी उंचीचा राहिला तर पुढच्या हंगामात वाढवता येतो. सांडवा अपुरा राहिला तर पाणी भरावावरून वाहतं आणि भराव काही तासांत कापला जातो. ठेकेदाराचा कल उलटा असतो, कारण भरावाचं मोजमाप मोठं आणि बिल लवकर निघतं. म्हणून सांडव्याशिवाय भरावाचं दुसरं बिल नाही, अशी अट वर्क ऑर्डरमध्येच घाला.

काळ्या जमिनीत एकदा पाणी मुरलं की वाफसा येईपर्यंत (जमीन कामाजोगी सुकेपर्यंत) जेसीबी आत जात नाही. पाऊस एक दिवसाचा, पण काम आठवडाभर बंद. खोदकामाच्या मुदतीत हे दिवस वेगळे धरा.

कामाची दुसरी खिडकी दिवाळीनंतर उघडते, पण परतीचा पाऊस ऑक्टोबरात रेंगाळतो आणि नोव्हेंबरपासून ट्रॅक्टर आणि मजूर ऊसतोडणीला जातात. जाता जाता: आषाढी वारीच्या दिवसांत सासवड-जेजुरी आणि लोणी काळभोर-यवत-बारामती या मार्गांवर मालवाहतूक अडते. ही हवामान जोखीम नव्हे, पण पावसाळ्यातच येते आणि पुरवठादार दोन्ही कारणं एकाच पत्रात लिहितो.

७. याचा खर्च बजेटमध्ये कुठे दाखवायचा? देणगीदार 'आकस्मिक खर्च' छाटतात.

छाटणारच, कारण त्या ओळीत काम दिसत नाही. जे आधीपासून माहीत आहे ते बीओक्यूमध्ये (कामाच्या बाबी, परिमाण आणि दर यांच्या यादीत) स्वतंत्र बाब म्हणून घ्या: जोतं ४५ सेंमी उंच घेणं, पाणी उपसायचा पंप आणि डिझेल, सिमेंटसाठी फळ्यांचा ओटा आणि ताडपत्री, रोपांना पहिल्या उन्हाळ्यात द्यायच्या पाण्याच्या खेपा. प्रत्येक बाबीला परिमाण आणि दर असला की ती टिकते. ज्याचा अंदाजच बांधता येत नाही तेवढ्यासाठीच ३ ते ५ टक्के राखून ठेवावेत असं आम्ही सुचवतो.

८. कोटेशन मागवताना पुरवठादाराला काय विचारायचं?

एक पान, मराठीत, सहा प्रश्न. गोदाम आणि कारखाना कुठे आहे, गट क्रमांकासह, आणि पूररेषेच्या आत आहे का? कच्चा माल किती दिवसांचा शिल्लक असतो? नेहमीचा रस्ता किंवा घाट बंद झाला तर माल कुठून येईल? वीज गेली तर काय? मालाचा आणि वाहतुकीचा विमा आहे का, प्रत द्या. मागच्या तीन पावसाळ्यांत किती खेपा उशिरा पोचल्या?

शेवटच्या प्रश्नाला 'एकही नाही' असं उत्तर देणाऱ्यापेक्षा 'चार, आणि कारण असं' म्हणणाऱ्यावर जास्त विश्वास ठेवा. १०० पैकी १० गुण यासाठी ठेवले तरी निकाल बदलतो. त्यापेक्षा जास्त ठेवलेत तर सुंदर कागद करणारा मोठा पुरवठादार जिंकतो आणि गावचा चांगला माणूस बाहेर पडतो.

कच्चा माल एकाच ठिकाणाहून येत असेल तर तीन पुरवठादार असूनही पुरवठा एकच आहे. ठिबकच्या नळ्या तिघांकडून घेता, पण तिघांचा कारखाना एकच, हे कागदावर विचारल्याशिवाय कळत नाही.

९. करारात नेमकं काय लिहायचं? नमुना द्याल का?

'मुसळधार पावसामुळे उशीर झाल्यास मुदतवाढ देण्यात येईल' हे वाक्य दोघांनाही उपयोगाचं नाही. मुसळधार म्हणजे किती? कुठे मोजायचा? किती दिवस? आकडा, मापक, कालावधी, कळवण्याची मुदत आणि खर्च कुणाचा, या पाचही गोष्टी कलमात हव्यात. नमुना असा:

'कामाचं ठिकाण ज्या महसूल मंडळात येतं त्या मंडळाच्या अधिकृत पर्जन्यमापकावर सकाळी ८.३० पर्यंतच्या २४ तासांत ६५ मिमी किंवा अधिक पाऊस नोंदला गेल्यास, तो दिवस आणि त्यानंतरचे २ दिवस (काळ्या जमिनीवरील खोदकामासाठी ५ दिवस) कामाच्या मुदतीत मोजले जाणार नाहीत. करारकाळातील असे पहिले २ प्रसंग ठेकेदाराने आपल्या वेळापत्रकात आणि दरात धरलेले आहेत. ठेकेदाराने प्रसंगानंतर ४८ तासांत लेखी कळवणं आवश्यक आहे. या कलमाखाली मुदत मिळेल; जादा रक्कम मिळणार नाही.'

६५ मिमी का? राज्यात नुकसानभरपाईसाठी 'अतिवृष्टी' याच आकड्यावर ठरते, त्यामुळे तलाठ्यापासून ठेकेदारापर्यंत सगळ्यांना तो पाठ आहे. हवामान विभागाची 'जोरदार पाऊस' ही पायरीही ६४.५ मिमीपासूनच सुरू होते. तुमचं काम कमी पावसातही अडत असेल, उदाहरणार्थ छताचं वॉटरप्रूफिंग, तर आकडा खाली आणा.

'पहिले २ प्रसंग' हा आकडा हवेतून घेऊ नका. प्रश्न ३ मध्ये मोजलेल्या ३० वर्षांच्या नोंदींवरून करारकाळात असे दिवस सरासरी किती येतात ते पाहा. नेहमीचा पाऊस ठेकेदाराने दरात धरायचा, नेहमीपेक्षा वेगळ्या पावसाची जबाबदारी मालकाने घ्यायची, हे न्याय्य आहे. ब्रिटनमधल्या एनईसी या प्रमाणित बांधकाम करारात हीच कल्पना 'दहा वर्षांतून एकदाही न घडणारं हवामान' या मोजपट्टीने बसवली आहे.

याशिवाय दोन छोट्या ओळी हमखास घाला. एक, हवामान विभागाचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट आल्यावर साइटवरचं सिमेंट, पंप, स्टील सुरक्षित जागी हलवणं ठेकेदाराचं काम. हलवलं नाही आणि भिजलं तर मोबदला नाही. दोन, सलग किती दिवस काम बंद राहिलं तर कुणालाही करार संपवता येईल.

१०. आमच्या करारात 'दैवी आपत्ती' कलम आहे. तेवढं पुरेसं नाही का?

ते शेवटचं दार आहे. रोजच्या ये-जा साठी नव्हे. करारात कलम असेल तर प्रश्न त्याच्या शब्दांवर सुटतो. नसेल तर भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ५६ उरतं आणि ते लागू होण्यासाठी काम अशक्य झालेलं असावं लागतं. अवघड किंवा महाग झालं हे पुरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये एनर्जी वॉचडॉग प्रकरणात कोळसा महागल्यामुळे करार सुटत नाही, असं स्पष्ट केलं. म्हणून टंचाईत टँकरचा दर दुप्पट झाला म्हणून रोपवाटिकेचा पुरवठादार या कलमाखाली सुटत नाही. त्यासाठी वेगळं दरवाढीचं कलम हवं.

आणखी एक. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने १९ फेब्रुवारी २०२० च्या पत्रात सरकारी खरेदीसाठी आठवण करून दिली होती की हे कलम जबाबदारी कायमची माफ करत नाही, आपत्तीपुरती थांबवते. घटना घडताच कळवावं लागतं, मागाहून दावा करता येत नाही. आणि अडथळा ९० दिवसांपेक्षा लांबला तर कुणालाही करार संपवता येतो. खासगी करारातही ही चौकट उसनी घ्यायला हरकत नाही.

११. मुदतवाढ दिली की जादा पैसेही द्यावे लागतात का?

आपोआप नाही. बांधकामाच्या आंतरराष्ट्रीय फिडिक करारातही असाधारण वाईट हवामानासाठी मुदत मिळते, पैसे मिळत नाहीत. पण तुमच्या कलमात हे लिहिलेलं नसेल तर वाद होणार.

उलट बाजूची चूक जास्त महाग पडते. उशिरा आलेला माल काही न बोलता स्वीकारला, तर करार कायद्याच्या कलम ५५ नुसार त्या उशिराची भरपाई मागण्याचा हक्क जातो. स्वीकारतानाच तसं कळवावं लागतं. त्यामुळे डिलिव्हरी चलनावर सही करताना 'उशिराबद्दलचा हक्क राखून' एवढे शब्द लिहा आणि त्याच दिवशी ईमेल करा. गोदामात चलनावर सही करणाऱ्या माणसालाच हे माहीत असायला हवं. कार्यालयातल्या व्यवस्थापकाला माहीत असून उपयोग नाही.

१२. पाऊस खरंच पडला हे सिद्ध कसं करायचं?

मंडळाची त्या दिवसाची नोंद डाउनलोड करून लगेच फाइलला लावा. साइटवर ठिकाण आणि वेळ उमटणारे फोटो, मोजमाप पुस्तिकेत त्या दिवसाची नोंद, दोन्ही बाजूंच्या सह्या. नुकसान मोठं असेल तर महसूल यंत्रणेकडून पंचनामा करून घ्या. विम्याच्या दाव्यातही तो उपयोगी पडतो. मंडळाचा मापक १२ किलोमीटरवर आणि मध्ये डोंगर असेल तर साइटवर साधं पर्जन्यमापक बसवा आणि वाद झाल्यास कोणाची नोंद ग्राह्य ते करारातच ठरवा. पाऊस पडल्यानंतर मापक निवडता येत नाही.

१३. पावसाबद्दल एवढं लिहिलं. उन्हाचं काय?

पुण्यात उष्णतेकडे दुर्लक्ष होतं, कारण 'आपल्याकडे संध्याकाळी गार होतं' अशी समजूत आहे. मैदानी भागात कमाल तापमान ४० अंशांच्या वर आणि सरासरीपेक्षा ४.५ अंश जास्त झालं की हवामान विभाग उष्णतेची लाट जाहीर करतो. उघड्यावर सेंटरिंग (स्लॅबचा साचा उभारणं) करणाऱ्या मजुराला मात्र त्याआधीच त्रास सुरू होतो. म्हणून लाटेच्या घोषणेची वाट न पाहता मार्च अखेर ते जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत उघड्यावरचं काम सकाळी ७ ते ११ आणि दुपारी ४ नंतर, असं वर्क ऑर्डरमध्येच लिहा. सावली आणि पिण्याचं पाणी बीओक्यूत स्वतंत्र बाब म्हणून घ्या. आणि 'या वेळेमुळे मजुरी कापली जाणार नाही' हे वाक्य सोडू नका. ते नसलं तर उन्हाची किंमत सगळ्यात कमी कमावणारा माणूस भरतो.

काँक्रीट ओततानाचं तापमान ४० अंशांच्या खाली हवं. खडीवर पाणी मारून, सावलीत ठेवून, पहाटे ओतून ते साधतं. उष्ण-कोरड्या हवेत क्युरिंग (काँक्रीट ओलं ठेवणं) किमान १० दिवस. टंचाईच्या गावात हे पाणी कुठून येणार याचं उत्तर टेंडर काढण्याआधी लागतं, नाहीतर चार दिवसांत क्युरिंग थांबतं आणि पृष्ठभागाला भेगा पडतात.

१४. पॉलिहाऊस, सोलर, रोपं, तळ्याचा कागद: वस्तूनुसार काय बघायचं?

पॉलिहाऊस आणि सोलरच्या सांगाड्यासाठी वाऱ्याचा वेग लिहा. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात पुण्यासाठी मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी १४० किलोमीटर आहे. 'मजबूत सांगाडा' असं लिहून घेतलेली अनेक पॉलिहाऊस ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात मावळ-जुन्नर पट्ट्यात झोपली. वेग, नळीची जाडी, पायाची खोली आणि अभियंत्याचा दाखला या चारही गोष्टी मागा.

रोपांसाठी दोन करार वेगळे करा: रोप पुरवणं एक, लावून जगवणं दुसरं. रोपवाटिकेला जगण्याच्या टक्केवारीवर पैसे देणं अन्याय्य आहे, कारण पाणी तिच्या हातात नाही. जगवण्याच्या करारात निम्मी रक्कम लावणीनंतर आणि उरलेली डिसेंबर आणि पुढचा जून अशा दोन मोजण्यांनंतर द्या. खरी परीक्षा एप्रिल-मेची. डिसेंबरात सगळंच हिरवं असतं.

शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा प्लॅस्टिकचा कागद भर उन्हात ताणून बसवला की रात्री आकसतो आणि जोड उसवतात. ढिला ठेवा, जोड सकाळी करा. शेजारी भरलेली विहीर आणि तळं रिकामं असेल तर खालच्या पाण्याचा दाब कागद वर उचलतो. पावसाळ्यात थोडं पाणी तळ्यात राहू द्या.

१५. विमा कुणी काढायचा, आपण की ठेकेदाराने?

ज्याच्या ताब्यात माल त्याने, पण प्रत दोघांकडे. बांधकामाला 'कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क' पॉलिसी आणि त्यात संस्थेचं नाव सहविमाधारक म्हणून. गोदामाच्या आगविम्यात वादळ, पूर, जलमय होणं हे संरक्षण हप्ता वाचवण्यासाठी काढून टाकलेलं नाही ना, ते शब्दशः वाचा. विम्याची रक्कम कमी दाखवू नका: १ कोटीच्या मालाचा ६० लाखांचा विमा असेल तर १० लाखांच्या नुकसानीचे ६ लाखच हाती येऊ शकतात. शेतकऱ्यांसोबतच्या कार्यक्रमात पीक विमा असेल तर त्यात स्थानिक आपत्तीचं संरक्षण आहे का ते आधी पाहा, कारण खरीप २०२५ मध्ये राज्याने ते वगळलं होतं; असेल तर आपत्तीची सूचना ७२ तासांत द्यावी लागते. गटाच्या बैठकीत हा आकडा फळ्यावर लिहा.

१६. पुरवठादार म्हणजे गावातला बचत गट. सगळ्या अटी त्यांना लावायच्या?

नाही. शालेय आहाराला चटणी-पापड देणाऱ्या गटाकडे जोखीम पेलायला भांडवल नसतं. त्यांच्यावर दंड लावला तर पुढच्या वर्षी गटच उरत नाही. पापडासारखा माल पावसाळ्यात वाळतच नाही, म्हणून मे महिन्यात आगाऊ खरेदी करून हवाबंद साठवा किंवा जून ते सप्टेंबर वेगळी वस्तू मागवा. दंडाऐवजी तारीख बदलायची मुभा द्या आणि ३० टक्के आगाऊ रक्कम द्या.

उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म-लघु पुरवठादाराचं बिल माल स्वीकारल्यापासून फार तर ४५ दिवसांत द्यावंच लागतं, हा २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायद्याचा नियम आहे. देणगीदाराचा हप्ता पावसामुळे लांबला, ही सबब तिथे चालत नाही.

१७. सीएसआर निधी आहे, काम पावसाने लांबलं. ३१ मार्चला पैसे जातील का?

संस्थेला रक्कम दिली म्हणजे ती खर्च झाली असं धरलं जात नाही. प्रत्यक्ष वापर लागतो. मात्र कंपनीच्या संचालक मंडळाने कारण नोंदवून प्रकल्प 'चालू प्रकल्प' ठरवला, तर उरलेली रक्कम आर्थिक वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या न वापरलेल्या सीएसआर खात्यात टाकून पुढच्या तीन आर्थिक वर्षांत वापरता येते. तो ठराव ३१ मार्चच्या आत व्हावा लागतो. त्यासाठी पावसाच्या नोंदींसह पत्र जानेवारीतच कंपनीला द्या.

परदेशी निधीचा नियम वेगळा आहे. परदेशी निधी कायद्याच्या (एफसीआरए) सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीनंतर तो दुसऱ्या संस्थेला वर्ग करता येत नाही. पूरकाळात घाईने जोडीदार संस्थेच्या खात्यात रक्कम पाठवू नका. माल किंवा सेवा खरेदीचा खराखुरा करारच लागतो.

१८. ठेकेदार आधीच तीन आठवडे मागे होता, मग पाऊस आला. आता मुदतवाढ द्यायची?

प्रश्न असा विचारा: तो वेळेत असता तर या पावसाने त्याला अडवलं असतं का? स्लॅब १० मेला पडायला हवा होता, पडला नाही आणि २६ मेच्या पावसात अडकला, तर पाऊस हे कारण नाही. पण तीन आठवड्यांपैकी दहा दिवस तुम्ही नकाशाची मंजुरी अडवली असेल तर ते दहा दिवस तुमचे. म्हणून दर पंधरा दिवसांनी प्रगतीची नोंद दोघांच्या सहीने ठेवा. ती नसेल तर जो मोठ्याने बोलतो त्याचं खरं ठरतं.

१९. रेड अलर्ट आला, आम्ही काम थांबवलं, पाऊस पडलाच नाही. दिवसाचा खर्च कुणाचा?

ज्याने थांबवायला सांगितलं त्याचा, आणि हे आधी लिहिलेलं असावं. प्रश्न ९ चं कलम पडलेल्या पावसावर चालतं. अलर्टसाठी वेगळी ओळ लागते: 'संस्थेच्या लेखी सूचनेवरून काम थांबवल्यास तो दिवस मुदतीतून वगळला जाईल आणि हजर मजुरांची निम्मी मजुरी संस्था देईल.' वर्षात असे तीन-चार दिवस येतील असं धरून बजेट करा. ठेकेदार स्वतःहून थांबला तर मुदत मिळते, मजुरी त्याची. घाटातल्या आणि नदीपात्रातल्या कामाला मात्र निवड ठेवू नका. रेड अलर्ट म्हणजे बंद.

२०. उपायच पुढे त्रासदायक ठरला असं होतं का?

होतं. ३० × ३० × ३ मीटरचं, एकास एक उताराचं शेततळं साधारण २१९६ घनमीटर, म्हणजे जवळजवळ २२ लाख लिटर पाणी साठवतं. ते ओढ्याच्या किंवा शेतातल्या वाहत्या पाण्याने भरलं तर टंचाईवरचा उपाय. बोअरवेलने भरलं तर जमिनीखाली सुरक्षित असलेलं सगळ्यांचं पाणी एकाने उपसून उन्हात ठेवलं. एप्रिलमध्ये दिवसाला ८ मिमी बाष्पीभवन धरलं तर भरलेल्या तळ्याच्या ९०० चौरस मीटर पृष्ठभागावरून रोज ७२०० लिटर उडून जातं. शेजारच्या विहिरी मात्र फेब्रुवारीतच कोरड्या पडतात.

कार्यक्रमाच्या अहवालात दोन्ही तळी सारखीच दिसतात, 'एक शेततळं पूर्ण' अशी. म्हणून लाभार्थ्याशी होणाऱ्या करारात पाण्याचा स्रोत लिहा, जागा निवडताना पाणी येण्याची दिशा मोजणीपत्रकावर दाखवा आणि शेवटचा हप्ता पहिल्या पावसाळ्यानंतर, तळं कशाने भरलं ते पाहून द्या.